धुम्मस निवडताना आधी तळ पाहा

मंडळी, मागच्या वेळी एका बाईंनी विचारलं होतं: पायरीपुढे चार फूट बाय चार फूट जागेत फरशी बसवायची आहे, खालची खडी दाबायला काय आणू? घरात सासूबाई काठी घेऊन चालतात. फरशीचा एक कोपरा अर्धा इंच खचला, तरी म्हातारं माणूस अडखळतं. म्हणून हा प्रश्न मी क्षुल्लक मानत नाही.

एवढ्याशा जागेला मशीन कशाला? धुम्मस पुरतो. दुकानात गेलात की दुकानदार वजनाचं बोलतो. तुम्ही आधी तळ बघा. सहा इंच चौरस तळ म्हणजे 36 चौरस इंच, दहा इंचाचा म्हणजे 100. वजन तेच, उचललं तेवढंच, तर लहान तळाखाली दाब साधारण पावणेतीन पट. मोठा तळ वरचा पृष्ठभाग छान सपाट करतो आणि आपली फसगत होते, कारण आत पोकळी तशीच राहते. चोपण्याचंही तसंच: मातीची जमीन करायला उत्तम, खडीच्या थराला ते पुरत नाही.

एकच घ्यायचा असेल तर आठ इंची तळ, सहा-सात किलो वजन. त्याहून जड आणलात तर वीस ठोक्यांनंतर हात थकतात, मग आपण तो उचलत नाही, नुसता टेकवतो! दांडा छातीपर्यंत यावा, म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही. भिंतीलगतच्या कोपऱ्यात तोही शिरणार नाही. तिथे जाड लाकडी ठोकळा उभा धरून ठोका.

आता खडी. एकाच मापाची धुतलेली खडी किंवा नदीतले गोल गोटे कितीही ठोका, ते एकमेकांत अडकून घट्ट होत नाहीत. जाड, बारीक आणि भुकटी असं मिश्रण हवं, किंवा चांगला मुरूम. त्यात ओल किती? राल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने 1933 मध्ये हेच मांडलं: ठरावीक ओलीलाच माती सर्वांत घट्ट बसते, कोरडी नाही आणि चिखलही नाही. त्याच्या नावाच्या चाचणीत साधारण अडीच किलोचा हातोडा एक फुटावरून टाकतात, तीन थरांत, प्रत्येक थराला 25 ठोके. म्हणजे प्रयोगशाळेतलं ते साधन तुमच्या धुम्मसाचंच धाकटं भावंडं आहे. घरी मूठ दाबून बघा: मुरुमाचा गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

थर दोन-तीन इंचांचाच टाका. सहा इंच एकदम भरून वरून ठोकणं हे आपल्याकडचं नेहमीचं काम, आणि पहिल्या पावसात ते उघडं पडतं. खाली प्लास्टिकचा पाइप असेल तर त्याच्या डोक्यावर वाळूची गादी करून मगच हलके ठोके. आवाज भदभद येतोय तोवर थांबू नका. टणक वाजू लागला आणि टाचेचा ठसा उमटेनासा झाला, की पुढचा थर.