लांकडी घराची निगा

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पावसाळ्यांत पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचें काम आमच्याकडे वारंवार येत असे. घर कां पडलें, याचें कारण म्हणून बहुधा ‘जीर्ण झाल्यामुळें’ एवढेंच लिहिलें जाई. परंतु ढिगाऱ्यांतील तुळया व खांब आम्ही हातांनीं चांचपून पाहिले आहेत. मोडलेल्या तुळईचा मधला भाग बहुतेक वेळां टणक असे. कुजलेलें असे तें भिंतींत गेलेलें टोंक, अथवा खांबाचा जमिनीलगतचा वीतभर भाग. म्हणजे घर म्हातारपणानें मेलें नव्हतें, ओलाव्यानें मेलें होतें.

लांकूड केवळ वयानें मरत नाहीं, याची साक्ष कार्ल्याच्या व भाज्याच्या लेण्यांत मिळते. तेथील चैत्यगृहांच्या छतांतील मूळच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षांच्या असून अद्यापि जागेवर आहेत. त्यांस पाऊस लागत नाहीं व हवा मिळते, इतकेंच त्यांचें रहस्य. लांकूड कुजविणारी बुरशी सजीव आहे. लांकडांतील ओलावा शेंकडा २० हून कमी राहिला तर ती वाढूं शकत नाहीं. आमच्या कोंकणांत वर्षास ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हां येथें तर घर सुकें राखणें हीच खरी निगा होय.

हा धडा आम्हांस आमच्याच घरीं महाग पडला. मुलीच्या लग्नापूर्वीं आम्ही पडवीस फरशी घालविली. फरशीखालील सिमेंटचा थर चार बोटें उंच आला व खांबांचे दगडी तळखडे त्यांत गडप झाले. शोभेसाठीं खांबांस तेलाचा जाड रंगही दिला. पांचव्या श्रावणांत एका रात्रीं पडवीचें छप्पर एका अंगास बसलें. खांब बाहेरून चकचकीत होता. आंत त्याचा भुसा झाला होता. त्या जागीं आमची वृद्ध आई नित्य निजत असे. त्या रात्रीं ती लेकीकडे गेली होती, म्हणून वांचली. लांकूड बाजूनें पाणी थोडें घेतें, कापलेल्या टोंकानें मात्र पुष्कळ घेतें. सिमेंटांत मुरलेलें पाणी खांबाच्या बुडांतून वर चढे, व रंगाच्या पापुद्र्यामुळें त्यास बाहेर पडण्यास वाट नसे. वाडवडिलांनीं तळखडा केवळ शोभेसाठीं घातला नव्हता, हें तेव्हां कळलें.

म्हणून रंगाच्या डब्याकडे वळण्यापूर्वीं पाण्याची वाट बंद करावी. दर वर्षीं मृगापूर्वीं छपराची शाकारणी करून फुटकीं कौलें बदलावीं. वळचण भिंतीबाहेर दीड-दोन हात असावी. पागोळ्या पडतात तेथें पाट काढून पाणी दूर न्यावें. तळखडे सदैव जमिनीवर उघडे दिसले पाहिजेत. तुळईचें टोंक भिंतींत जातें तेथें भोंवतीं बोटभर पोकळी ठेवावी. तें सिमेंटनें लिंपून टाकूं नये.

नंतर परीक्षा. हातोडीच्या दांड्यानें खांब ठोकीत जावें. भरींव आवाज आला तर बरें. पोकळ आला तर तेथें दाभण टोंचावें. निरोगी सागांत तें जेमतेम शिरतें, कुजक्या लांकडांत बोटभर सहज जातें. अशा जागीं रंग देणें म्हणजे रोग झांकणें होय. कुजका भाग काढून सुताराकडून सुक्या लांकडाचा सांधा घालून घ्यावा. सागाचा गाभा टिकाऊ असला तरी सालीजवळील पांढरा थर टिकत नाहीं. तो तासून टाकावा.

तेलाचें काम फाल्गुन-चैत्रांत, लांकूड खडखडीत सुकलेलें असतां करावें. अळशीचें पक्कें तेल रंगाच्या दुकानांत बेलतेल म्हणून मिळतें. जुना रंग खरवडून, कांचकागदानें घांसून, पहिला हात समभाग टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा, म्हणजे तो आंत मुरतो. पुढील दोन हात निव्वळ तेलाचे, मधल्या वेळीं पुरतें वाळूं देऊन द्यावे. प्रत्येक वेळीं अर्ध्या तासानें वर राहिलेलें तेल पुसून घ्यावें. न पुसल्यास चिकट थरावर धूळ व बुरशी बसते. कापलेल्या टोंकांस तेल पोटभर पाजावें. मात्र तेलाचीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हें तेल वाळतांना उष्णता उत्पन्न होते, व फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. फडकीं पाण्यांत भिजवावीं, किंवा एकेक उघड्यावर पसरून वाळवावीं.

उभ्या खांबावरील बारीक भेगांस भिऊं नये. लांकूड सुकतांना त्या पडतातच, व पाणी त्यांतून निथळून जातें. आडव्या तुळईच्या वरच्या अंगास असलेली भेग मात्र पाणी धरून ठेवते. ती खडूची पूड बेलतेलांत मळून केलेल्या लांबीनें भरावी. सिमेंट भरूं नये. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. सिमेंट तसें करीत नाहीं, आणि दोहोंमधील फटींत पाणी सांचतें.

वासे, चौकटीचें बूड अशा न दिसणाऱ्या जागीं काजूच्या टरफलांचें काळें तेल देतात. तें गुणकारी आहे, पण कातडी भाजतें. हातमोज्यांवांचून त्यास शिवूं नये. मोटारीचें जळकें ऑईल मात्र कोणीं लावूं नये. तें वाळत नाहीं, व त्यांत विषारी द्रव्यें असतात.

राहिली वाळवी. जोत्यावर मातीच्या नळ्या दिसतांच त्या मोडाव्या व वाळवी कोठून चढते तें शोधावें. सरपण व पेंढा भिंतीस टेंकून रचूं नये. घरांतील उघड्या लांकडास, तेल देण्यापूर्वीं, ३ भाग बोरॅक्स व २ भाग बोरिक ॲसिड यांचें १ किलो मिश्रण १० लिटर कढत पाण्यांत विरघळवून दोन वेळ द्यावें व पूर्ण सुकूं द्यावें. पावसांत तें धुऊन जातें, म्हणून बाहेर त्याचा भरंवसा धरूं नये. मुलें व गुरें यांपासून तें दूर ठेवावें.

आमच्या पडवीची फरशी आम्ही खांबांभोंवतीं हातभर फोडून काढली आहे. ती आतां तितकी सुंदर दिसत नाहीं. परंतु चारही तळखडे मोकळे आहेत, आणि आई पुन्हां तेथेंच निजते. शेतकरी बंधूंनीं येत्या मृगापूर्वीं एक दिवस काढून आपल्या घराचे खांब ठोकून पाहावे, एवढीच विनंति आहे.