कर्म म्हणजे दैव नव्हे

‘ज्याचें कर्म त्याला’ असें म्हणून दुःखिताविषयीं उदासीन राहणारे पुष्कळ आढळतात. त्यांच्या मतें कर्म म्हणजे दैवच. वस्तुतः वेदान्तांत कर्माचे तीन भेद आहेत: सांचलेलें तें संचित, त्यांतील फळ देऊं लागलेलें तें प्रारब्ध, आणि आज घडत असलेलें तें क्रियमाण. सुटलेला बाण आवरतां येत नाहीं; हातांतला मात्र धनुर्धराच्या स्वाधीन असतो. बुद्धानें चेतनेसच, म्हणजे मनांतील संकल्पासच, कर्म म्हटलें. नित्य आत्मा नाकारूनहि फळ पुढें कसें पोंचतें, हें ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत नागसेन दिव्यानें दिवा लावण्याच्या दृष्टान्तानें सांगतो. मतभेद मोठा; परंतु आजचा संकल्प मनुष्याच्या हातीं आहे, हें उभय पक्षांस मान्य आहे. तेव्हां दुःखिताकडे पाठ फिरविणें हेंहि नवें कर्मच होय.