गिरिजाप्रसाद कोइराला : गिरणीच्या दारातून लोकशाहीकडे

लोकशाही कोठे जन्मते, असे कोणी विचारले तर आम्ही कामगार चळवळीतली माणसे बेलाशक म्हणू, ‘गिरणीच्या दारात!’ नेपाळपुरते ते बरेच खरे आहे. पण जन्म झाला म्हणजे संगोपन झाले असे नव्हे. गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या चरित्रावरून ते कळते.

नेपाळात १८४६ पासून राणा घराण्याची सत्ता होती. राजा नावाचा, पंतप्रधानपद राणांच्या घरात वारशाने चालावयाचे. पक्ष नाही, मतदान नाही, कामगारांची संघटना नाही. अशा राज्यात बिराटनगरच्या तागाच्या गिरणीत मार्च १९४७ मध्ये संप झाला. मजुरी वाढवून मागणे समजण्यासारखे. पण संघटनेचा हक्क मागणे म्हणजे राणांच्या लेखी बंडच! पुढाऱ्यांना पकडून काठमांडूच्या तुरुंगात नेले. त्यांत तरुण गिरिजाप्रसाद होते, त्यांचे थोरले बंधू विश्वेश्वरप्रसाद होते आणि मनमोहन अधिकारीही होते. चार वर्षांत राणाशाही कोसळली.

१९५९ च्या निवडणुकीनंतर विश्वेश्वरप्रसाद पंतप्रधान झाले. परंतु डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी सरकार बडतर्फ करून सर्वांना तुरुंगात टाकले. गिरिजाप्रसादांची सुमारे सात वर्षे तेथे गेली, पुढे हद्दपारी. पक्षांवरील बंदी उठावयास १९९० साल उजाडले.

१९९१ च्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या. संपाचा पुढारी पंतप्रधान झाला. आणि एप्रिल १९९२ मध्ये विरोधकांच्या बंदच्या दिवशी काठमांडूत पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. सरकार गिरिजाप्रसादांचेच होते. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे संघटनेने डोळे मिटावेत, ही समजूत घातक आहे. १९९४ मध्ये स्वपक्षाचेच ३६ सभासद ऐन मतदानाला गैरहजर राहिले, सरकार हरले. पुढच्या निवडणुकीनंतर पंतप्रधान झाले ते बिराटनगरच्या संपातले सोबती, कम्युनिस्ट मनमोहन अधिकारी!

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा ऐंशीच्या घरातले, आजारी गिरिजाप्रसाद पुन्हा उभे राहिले. विरोधी पक्षांना त्यांनी सोबत घेतले. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवस लोक रस्त्यावर होते. राजाला संसद परत बोलवावी लागली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पंतप्रधान या नात्याने त्यांनी माओवाद्यांशी शांतता करार केला. दहा वर्षांच्या यादवीत १३,००० हून अधिक माणसे मेली होती. २८ मे २००८ रोजी नेपाळ प्रजासत्ताक झाले. २० मार्च २०१० रोजी गिरिजाप्रसाद वारले.

एकदा मिळालेली मजुरीवाढ कायमची नसते, हे गिरणीतला कोणीही जुना कामगार सांगेल. महागाई ती खाऊन टाकते, पुन्हा दारात उभे राहावे लागते. नेपाळी जनतेला १९५१, १९९० आणि २००६ असे तीनदा उभे राहावे लागले. मतपत्रिकेचेही तसेच आहे. ती मिळवावी लागते, राखावी लागते, आणि प्रसंगी आपल्याच माणसापासून राखावी लागते.