घरचा पडदा – भाग ९ : भंगाराच्या आवारातले यान

गेल्या आठवड्यात आपण जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडला. आता त्यात घालायचे काय? मी म्हणेन, साठच्या दशकातल्या कृष्णधवल विज्ञानकथा-मालिका. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी ‘स्टार ट्रेक’ मुळात रंगीत. पण कुर्ल्यातल्या पुष्कळ घरांनी ती काळ्या-पांढऱ्या संचावरच पाहिली आणि त्यात काही उणे आहे असे कुणाला वाटले नाही. मग जे मुळातच काळ्या-पांढऱ्यासाठी रचले गेले, ते केवढा आनंद देईल!

सुरुवात बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने करा. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म १९३८चा, लखनौचा. लहानपणीची बरीच वर्षे मुंबईत गेली आणि १९४६ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला भाग लागला, तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

त्या भागाची शीर्षके घाईने पुढे ढकलू नका. काळोखातून प्रकाशाचे लोट उसळतात, फाटतात, पुन्हा जुळतात. तेव्हा संगणक हाताशी नव्हता. कॅमेरा त्याच्याच मॉनिटरवर रोखला, की चित्रात चित्र शिरत जाते आणि पडद्यावर असे लोट उठतात. मग येते धुक्यातले भंगाराचे आवार. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जाणाऱ्याला असे आवार काही नवे नाही. मोडक्या सामानात पोलिसांची, टेलिफोन बूथसारखी एक पेटी उभी आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या मागावर आलेले दोन शिक्षक तिच्यात घुसतात, आणि आत प्रशस्त, लख्ख पांढरा कक्ष! ही पेटीच ते यान. इतका वेळ डोळे काळोखाला सरावलेले असतात, म्हणून तो पांढरा रंग अंगावर येतो. रंगीत चित्रात हा धक्का निम्मा झाला असता.

ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. त्या काळी व्हिडिओ टेप महाग. प्रक्षेपण झाले की बीबीसी ती पुसून पुन्हा वापरी. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी मात्र मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून १६ मिलिमीटरच्या प्रती काढल्या जात. आज डिस्कवर आहे ते बहुतेक या प्रतींवरून आलेले. तरीही नव्वदहून अधिक भाग बेपत्ता आहेत. हुसेन यांच्याच ‘मार्को पोलो’ या कथेच्या सात भागांपैकी एकही हाती नाही. आवाज मात्र उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. नायजेरियात धूळ खात पडलेले नऊ भाग मात्र सापडले, आणि २०१३ साली ते लोकांसमोर आले.

पहिल्या कथेचे तर आणखी वेगळेच. २०२३मध्ये बीबीसीने जुने उपलब्ध भाग आपल्या ऑनलाइन सेवेवर आणले, पण हक्कांचा तिढा न सुटल्याने नेमकी हीच कथा वगळावी लागली. २००६च्या डीव्हीडी संचात ती आहे. डिस्क विकत घ्या, असे मी या लेखमालेत पुन्हा पुन्हा का सांगतो, ते यावरून कळेल.

आता टीव्हीची तयारी. चित्राचा आकार ४:३ ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या, ताणून माणसे जाड करू नका. रंग शून्यावर आणा, शार्पनेस उतरवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. अमेरिकेची ‘ट्वायलाइट झोन’ (१९५९ ते १९६४, १५६ भाग) लावलीत, तर तिचे बहुतेक भाग ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाल्याने लख्ख दिसतील. सहा भाग मात्र खर्च वाचवण्यासाठी टेपवर केले होते. ते मऊ, धूसर दिसतात. डिस्क खराब आहे असे समजून परत करू नका.

पाहायचे ते रात्री, दिवा पाठीमागे ठेवून. दिवसा काळ्या पडद्यात आपलीच खिडकी दिसते. रुळांलगत राहत असाल तर हेडफोन लावा, कारण या कथांचा अर्धा जीव कुजबुजीत आहे. आणि एका बैठकीला एकच भाग! आठवडाभर वाट पाहायला लावण्यासाठीच ‘डॉक्टर हू’च्या भागांचे शेवट बेतलेले आहेत.

एक विनंती. माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील, तर लेबले वाचल्याशिवाय त्या भंगारवाल्याला देऊ नका. दूरदर्शनवरून घरी उतरवलेले काही त्यांत असू शकते. पावसाळ्याच्या दमटपणाने टेपवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या आणि लगेच तिची डिजिटल प्रत काढून ठेवा.