कोऱ्या चहाचा रंग

पहाटे साडेचारला डोंबिवलीच्या फडके रोडवर दुधाचे क्रेट उतरत असतात, पेपरवाले गठ्ठे सोडत असतात आणि भटक्या कुत्र्यांची सभा संपत आलेली असते. या सगळ्यांच्या ओळखीचे झालेले एक गृहस्थ आठवड्यातून चार दिवस इथून पळत जातात. वय ४७, नोकरी फोर्टमधल्या एका बँकेत. सहाला घरी परत, आंघोळ, डबा आणि साडेसातच्या आत फलाटावर. सुरुवातीला कुत्रे मागे लागायचे. आता त्यांतला एक तांबडा कुत्रा ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याच्या तोंडापर्यंत सोबत करतो आणि त्याची हद्द संपली की मागे फिरतो.

पळणं सुरू झालं ते हौसेनं नव्हे. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. स्वतःच्या चाळिशीतल्या तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचं हळूहळू पळणं झालं, सोबतीला सोसायटीतले चौघे मिळाले आणि दोन वर्षांनी ही मंडळी साताऱ्याला जाऊन यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आली. २०१२पासून होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत हौशी धावपटूंची पंढरीच म्हणायची. पावसात भिजून मिळालेलं ते पदक देवघराशेजारच्या खिळ्याला लागलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा एकही गोळी न घेता खाली आला. इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकात शोभेल असं होतं.

शहरात पळायचं म्हणजे आधी जागा शोधायची. फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक कधी पायाखाली डुगडुगेल याचा नेम नाही. भाद्रपदात मांडव, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे. म्हणून बहुतेक जण रस्त्याच्या कडेनं पळतात. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. रोज त्याच कडेनं पळालं, की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूनं गुडघ्याखाली उतरणाऱ्या पट्ट्यावर ताण येतो. या गृहस्थांचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूनं दुखू लागला तो असा. एकदा इकडून, एकदा तिकडून पळणं हा त्यावरचा फुकटचा उपाय त्यांना फार उशिरा कळला.

पहाटेची हवा शुद्ध, हाही आपला एक जुना लाडका समज. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे रात्रभरचा धूर आणि धूळ वर न जाता खालीच अडकून राहते. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, जोरात पळणारा साठ लिटर आणि त्याहून जास्त, तीही बरीचशी तोंडानं. नाकातली गाळणी तिथे कामाला येत नाही. म्हणून घरात बसा, असं कोणी सांगणार नाही. पण धुकं पिवळट दिसत असेल आणि घसा खवखवत असेल, त्या दिवशी वेगाचा हट्ट नको. थोडं उशिरा, ऊन आल्यावर हळू पळालेलं बरं.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र झोपेची. रात्री नऊला घरी पोचणारा, अकराला आडवा होणारा आणि पहाटे चारला उठणारा माणूस शिस्तीचा असतो, पण त्याचं शरीर थकलेलंच असतं. झोप कमी पडली की तोच वेग जास्त कष्टाचा वाटतो, दुखापत बरी व्हायला वेळ लागतो आणि दुखणं मारण्यासाठी हात गोळीकडे वळतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पळायची ठरवली. ४२.१९५ किलोमीटर म्हणजे किती, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला चटकन समजतं: सीएसएमटीपासून रुळांनी साधारण दिवा. हे अंतर पायांनी काटायला किलोग्रॅममागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला जवळपास तीन हजार. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर पुरते दीड-दोन हजार कॅलरींपर्यंत. उरलेलं चरबीतून येतं, पण ती संथपणे जळते. साखर संपत आली की तिशीच्या पुढे कुठेतरी पाय शिसाचे होतात. मुंबईत नेमका तेव्हाच, परतीच्या वाटेवर, पेडर रोडचा चढ समोर येतो. मार्ग आखणाऱ्यांना त्या चढावर जेवढ्या शिव्या पडतात, तेवढ्या घाटातही पडत नसतील. पण त्याच रस्त्याच्या दुतर्फा अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, केळी घेऊन उभी असतात. आणि एरवी पायी चालायला बंदी असलेल्या सागरी सेतूवरून खाली समुद्र बघत पळायला मिळतं, तेही याच दिवशी.

त्या सकाळी गुडघा ठणकत होता. आठवडाभर डायक्लोफेनॅक चालू होती. सुरुवातीच्या आधी एक गोळी, खिशात दुसरी. सेतू ओलांडल्यावर ती घेतली. ऊन चढलं, पाणी पिण्याचं राहून गेलं आणि दुखत नसल्यामुळे वेगही कमी केला नाही. पाच तास बारा मिनिटांत शर्यत पूर्ण झाली. फोटो निघाले, गळ्यात पदक घालून लोकलमध्ये लोकांनी बसायला जागा दिली. डोंबिवलीच्या प्रवाशाला यापेक्षा मोठा सत्कार नाही.

संध्याकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. उन्हामुळे असेल म्हणून ते झोपले. दुसऱ्या दिवशी लघवी जेमतेम झाली, मांड्या दगडासारख्या, मळमळ. पत्नी म्हणाली, “अहो, हे नुसतं दमणं नाही,” आणि रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेली. क्रिएटिनिन ३.८. सीपीके, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात उतरणारं एन्झाइम, ४० हजारांच्या वर. मॅरेथॉननंतर हा आकडा निरोगी माणसातही हजार-दोन हजारांपर्यंत जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. चाळीस हजार ही वेगळी गोष्ट.

काही औषध घेतलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “नाही.” ते खोटं बोलत नव्हते. पेनकिलर म्हणजे औषध, हे आपल्याकडे कुणाच्या हिशेबातच नसतं. “अंगदुखीची गोळी?” असं विचारल्यावर ते म्हणाले, “हो, ती रोजचीच.”

पळताना रक्ताचा ओघ स्नायूंकडे आणि घाम काढणाऱ्या त्वचेकडे वळतो, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. अशा टंचाईत मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नेमकी हीच रसायनं बंद पाडतात. वेदना त्यामुळेच थांबते आणि मूत्रपिंडाचा आधारही त्याच फटक्यात जातो. त्यात पाणी कमी आणि फुटलेल्या स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन. लघवीला कोऱ्या चहाचा रंग येतो तो त्याचाच, आणि ते मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये साचतं. ८० किलोमीटरच्या टप्प्यात आयबुप्रोफेन घेणाऱ्या आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या धावपटूंची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याच्या खुणा पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ३४ टक्के. गोळीविनाही एवढं अंतर मूत्रपिंडाला सोसवत नाही, आणि गोळीनं भर पडते. पॅरासिटामॉल या जातीची नाही, पण दुखणं दडपून पळण्याचा धोका तिच्यानंही टळत नाही.

पाच दिवस सलाइन चाललं. डायलिसिस टळलं. दीड महिन्यानं क्रिएटिनिन जागेवर आलं.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर आला, त्यात सगळ्यांत धोक्याचा होता तो “भरपूर पाणी पीत जा” हा. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर जीवघेण्या पातळीवर. धावताना ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला, त्यांना हा त्रास अधिक होता. म्हणजे संथ पळणारे, प्रत्येक टेबलावर थांबून ग्लास रिकामा करणारे. सोडियम घसरलं की मेंदूला सूज येते; डोकेदुखी, उलटी, बरळणं, फिट. बघणाऱ्याला वाटतं उन्हानं झालं, म्हणून तो आणखी पाणी पाजतो. तहान लागेल तेवढं प्यावं, हा साधा नियम हौशी धावपटूला बहुतेक वेळा पुरतो. सरावाच्या लांब फेरीआधी आणि नंतर वजन करून पाहिलं, की स्वतःचा अंदाजही येतो.

आणि हृदय? वडिलांचं ते ५२वं वर्ष घरात कुणी विसरलेलं नव्हतं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या १ कोटी ९ लाख लोकांपैकी ५९ जणांचं हृदय अचानक बंद पडलं, ४२ दगावले. हे प्रमाण फारच कमी आहे. वाचलेल्यांत बहुतेकांना जवळच्या कुणीतरी लगेच छाती दाबून जीवदान दिलं होतं. पण हे आकडे तिकडचे आहेत, आणि भारतीयांना हृदयविकार तुलनेनं लवकर गाठतो. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः घरात इतिहास असेल तर, शर्यतीआधी तपासणी करावी. ट्रेडमिल टेस्ट चांगली आली म्हणून पुढच्या वर्षाची हमी मिळत नाही, हेही तेवढंच खरं. पळताना छातीत, जबड्यात, डाव्या खांद्यात दडपण आलं, नेहमीच्या वेगात अचानक दम लागला, भोवळ आली, तर थांबायचं. आपल्याकडे छातीतलं प्रत्येक दुखणं आधी अ‍ॅसिडिटी असतं. अँटासिड घेऊन उरलेले दहा किलोमीटर पुरे करणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं. पत्नी आठवडाभर बोलली नाही. मग दोघांत करार झाला: पेनकिलर नाही, रात्री दहाला दिवा बंद आणि सरावाचा एक दिवस कमी. गुडघ्यासाठी मांडी-नितंबाचे व्यायाम सुरू झाले. सगळं जुळून आलं आणि शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी ताप आला, १०१. बीकेसीतून छातीवर लावायचा नंबर आणून झालेला. ग्रुपवर प्रत्येकाचं एक औषध. कुणी काढा सांगितला, कुणी पॅरासिटामॉल घेऊन हळू पळ म्हणाला.

धावपटूंमध्ये एक ढोबळ नियम चालतो: लक्षणं मानेच्या वर असतील, नाक वाहणं, शिंका, तर हलकं पळायला हरकत नाही. मानेच्या खाली असतील, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, तर बूट काढून ठेवायचे. विषाणूच्या तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते आणि त्यावर चार-पाच तासांचा ताण पडला, तर हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय तापलेलं शरीर पळताना आणखी तापतं. खर्च होणाऱ्या ऊर्जेतली तीन-चतुर्थांशाहून जास्त उष्णतेतच जाते, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो.

त्या रविवारी ते घरी टीव्हीसमोर बसले. नोंदणीचे पैसे बुडाले. चौघे मित्र पळून आले आणि संध्याकाळी पदकं घालून भेटायला आले, हे जास्त लागलं. “तू असतास तर पाच तासांच्या आत आला असतास,” असं एक जण म्हणाला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “लघवी नीट झाली का रे सगळ्यांना?” त्यावर जो हशा पिकला, त्यात पत्नी सामील नव्हती. आतून तिनं लिंबूपाणी आणलं, मीठ घालून.

यंदा जानेवारीत ते पुन्हा सीएसएमटीसमोरच्या अंधारात उभे होते. पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये सत्तरीच्या एक आजी त्यांच्या पुढे गेल्या, त्यांनी जाऊ दिलं. पेडर रोडचा चढ ते सरळ चालत गेले. एका मुलीनं संत्र्याची फोड दिली ती थांबून, चावून खाल्ली. गुडघा पस्तिसाव्या किलोमीटरला कुरकुरला. खिशात गोळी नव्हती, म्हणून वेग कमी केला. वेळ लागला पाच तास ३८ मिनिटं, तीन वर्षांपूर्वीपेक्षा सव्वीस मिनिटं जास्त.

मेगाब्लॉक होता. गाडी उशिरानं आली, गर्दी होती, आणि या वेळी कुणी जागा दिली नाही. त्याआधी स्थानकातल्या स्वच्छतागृहाच्या रांगेत ते बराच वेळ उभे राहिले होते. बाहेर आल्यावर पत्नीला पहिला मेसेज गेला. त्यात ना वेळ होती, ना पदकाचा फोटो. लिहिलं होतं, “रंग फिकट पिवळा.”

उत्तर लगेच आलं. “बरं. येताना कोथिंबीर आणा.”