समितीच्या खोलीत काय घडतं

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला ‘जोडपत्र अ’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सापडेल. कुणाला पाणंद रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका बघायची असते, कुणाला रेशन दुकानाचं साठा रजिस्टर, कुणाला स्वतःच्याच फेरफाराचा कागद. हा अर्ज २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्याखाली होतो. मात्र डिसेंबर २००४ मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा त्याच्या कक्षेत तहसीलदार नव्हता, ग्रामसेवक नव्हता, झेडपी नव्हती. मूळ मसुदा फक्त केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या कार्यालयांपुरता होता. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे २००२ मध्येच राज्याचा स्वतःचा कायदा झाला होता. अनेक राज्यांत तोही नव्हता, आणि तिथल्या माणसाला गावातल्या रस्त्याचा हिशेब विचारायला या विधेयकाचा काडीचा उपयोग नव्हता.

तो उपयोग झाला, कारण विधेयक थेट मतदानाला न जाता संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. कार्मिक, लोकतक्रार, विधी व न्याय या विषयांच्या या समितीचे अध्यक्ष होते ई. एम. सुदर्शन नचियप्पन. समितीने अधिकाऱ्यांना बोलावलं आणि माहिती अधिकाराच्या चळवळीत वर्षानुवर्षं राबलेल्या कार्यकर्त्यांचंही म्हणणं ऐकलं. मार्च २००५ मध्ये अहवाल आला. राज्य सरकारं आणि स्थानिक संस्थाही कायद्याच्या कक्षेत आणा, असं समितीने त्यात सांगितलं. माहिती आयुक्तांना निवडणूक आयुक्तांच्या तोडीचा दर्जा द्या, म्हणजे सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला जाब विचारताना त्यांचा हात अडखळणार नाही, हीही शिफारस होती. सरकारने मूळ मसुद्यात शंभराहून अधिक दुरुस्त्या केल्या आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा पूर्णपणे लागू झाला. आज आपण ज्याला माहितीचा अधिकार म्हणतो, त्याचा निम्माअधिक आकार समितीच्या त्या तीन महिन्यांत ठरला.

संसदेचं काम म्हटलं की टीव्हीवर दिसणारं सभागृह डोळ्यांपुढे येतं : घोषणा, सभात्याग, तहकुबी. समितीची बैठक बंद खोलीत होते. तिथे कॅमेरा नसतो, पत्रकार नसतात आणि पक्षाचा व्हिपही लागू होत नाही. त्यामुळे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे खासदार तिथे शेजारी बसून एकाच कलमावर तासभर खल करू शकतात. खात्याचा सचिव समोर असतो. ‘या शब्दाचा अर्थ तुमच्या लेखी काय?’ असं त्याला विचारता येतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. सभागृहात मंत्री भाषण करून वेळ निभावून नेऊ शकतो. समितीत लेखी खुलासा मागवता येतो आणि तो आला नाही तर पुन्हा मागता येतो.

आज दिसणारी रचना १९९३ ची आहे. त्या वर्षी मंत्रालयांच्या कामाची वाटणी करून १७ विभागीय स्थायी समित्या नेमल्या गेल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येक समितीत ३१ सदस्य : २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्र्याला या समित्यांवर बसता येत नाही. ही अट मला फार मोलाची वाटते, आणि त्याचं कारण पुढे महाराष्ट्राकडे वळल्यावर येईलच. स्थायी समितीशिवाय दुसराही मार्ग असतो. एखाद्या विधेयकापुरती प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची मिळून संयुक्त समिती नेमली जाते आणि अहवाल दिला की तिचं काम संपतं. दोहोंत एक फरक आहे, तो बातम्यांत सहसा येत नाही. स्थायी समिती फक्त शिफारशी करते. त्या घ्यायच्या की सोडायच्या, हे सरकारच्या हातात राहतं. प्रवर किंवा संयुक्त समिती मात्र विधेयकाच्या मजकुरातच दुरुस्ती करते आणि सभागृहापुढे तो सुधारलेला मसुदा येतो.

साक्ष द्यायला आलेल्या माणसाचा अनुभव कसा असतो? समिती आधी जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. आलेल्या निवेदनांतून काहींना बोलावणं जातं. साक्षीदाराने आपलं म्हणणं थोडक्यात मांडायचं आणि मग सदस्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेतात आणि ते टिपण नंतर साक्षीदाराकडे तपासायला पाठवलं जातं. नोंदवताना काही चुकलं असेल तर त्याने दुरुस्त करून द्यायचं. अहवाल सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत खोलीत काय बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे. साक्षी संपल्या की विधेयक कलमवार हाती घेतलं जातं. एखाद्या सदस्याला बहुमताचा निर्णय मान्य नसेल तर तो भिन्नमतपत्रिका जोडतो. अहवाल हाती पडला की मी आधी मागची पानं उलटतो, कारण वादाचं खरं हाडूक बहुतेक वेळा या भिन्नमतपत्रिकांमध्येच सापडतं.

आता त्याच माहिती अधिकाराची पुढची कहाणी बघा. जुलै २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं. माहिती आयुक्तांची मुदत, वेतन आणि सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. २००५ मध्ये समितीने ज्या दर्जासाठी आग्रह धरला होता, त्यालाच हा धक्का होता. १९ जुलैला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, २२ ला मंजूर झालं, २५ ला राज्यसभेतूनही पार पडलं. ते प्रवर समितीकडे पाठवा, असा प्रस्ताव विरोधकांनी राज्यसभेत आणला; तो ११७ विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला गेला. एका आठवड्याच्या आत सगळं उरकलं. आयुक्तांचं स्वातंत्र्य टिकवायचं की नाही, हा प्रश्न कुठल्याही माजी आयुक्ताला, वकिलाला, अर्जदाराला समितीपुढे बसवून विचारला गेला नाही.

तिसरी पायरी आणखी आडवळणाची. वैयक्तिक विदा संरक्षणाचं २०१९ चं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं. तिने जवळपास दोन वर्षं घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नवं विधेयक आलं, ते समितीकडे न जाता ३ ते ९ ऑगस्टच्या दरम्यान दोन्ही सभागृहांतून मंजूर झालं. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर घाला येतो, हे दाखवावं लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही त्याला जोडून म्हटलेलं होतं. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं म्हटलं की पुरे. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, हे खरं. पण घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्याला आता लोकहित सिद्ध करण्यासाठी अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागणार आणि नकार देणाऱ्याचं काम एका वाक्यात भागणार. हे कलम एखाद्या समितीपुढे गेलं असतं तर निदान ‘हा बदल कशासाठी?’ हा प्रश्न तरी सचिवाला विचारला गेला असता.

हे एका कायद्यापुरतं नाही. पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे गेले नव्हते. शेतकऱ्यांचं म्हणणं समितीच्या टेबलावर ऐकायचं राहिलं, ते वर्षभर दिल्लीच्या सीमेवर ऐकावं लागलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले.

अर्थात समिती नेमली म्हणजे काम झालं, असंही नाही. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीत जानेवारी २०२५ मध्ये सत्ताधारी बाजूच्या दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या आणि विरोधकांच्या सगळ्या मतदानाने पडल्या. अशी समिती सभागृहाचीच छोटी प्रत बनते.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडलं गेलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. हा आकडा छोटा नाही. एवढ्या लोकांनी विधेयक वाचलं, वाचून घेतलं, त्यावर लिहिलं. जुलै २०२५ मध्ये अहवाल आला. विधेयकाच्या उद्देशातला ‘व्यक्ती’ हा उल्लेख जाऊन कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटनांचा आला. सल्लागार मंडळाच्या रचनेत बदल झाला. तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला दिला गेला. हे बदल कमी महत्त्वाचे नाहीत. तपास कोणी करायचा, हे ज्याच्या दारात पोलीस येतात त्याला विचारा. पण सर्वांत जास्त वाद ज्यावर होता ती ‘बेकायदेशीर कृत्या’ची ऐसपैस व्याख्या तशीच राहिली. बारा हजार पत्रांतल्या कोणत्या हरकतीचं काय केलं आणि ती का नाकारली, याचं कारणांसह उत्तर लिहिणाऱ्याला मिळालं नाही. १० जुलैला विधेयक विधानसभेत मंजूर झालं. विरोधात उभे राहिले ते डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले.

संसदेत मंत्र्याला स्थायी समितीचं सदस्यही होता येत नाही आणि आपल्याकडे विधेयकाची समिती मंत्रीच चालवतो. महिला आणि बालकांवरील अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाच्या वेळीही गृहमंत्रीच अध्यक्ष होते. सरकारचा मसुदा तपासणारी समिती सरकारातल्याच माणसाच्या हाती देणं मला पटत नाही, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो. शिवाय आपल्याकडे विधेयक आपोआप समितीकडे जात नाही, त्यासाठी सभागृहात प्रस्ताव यावा लागतो. केरळने १९८० पासून विषय समित्या ठेवल्या आहेत. आज त्या १४ आहेत आणि विधेयक मांडल्यावर विषय समितीकडे पाठवणं हा तिथला रिवाज आहे. लोकलेखा समिती, पंचायत राज समिती, रोजगार हमी योजना समिती अशा समित्या महाराष्ट्राने दीर्घकाळ चालवल्या आहेत. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की झेडपीत रात्र रात्र दिवे जळतात, जुन्या फायली बाहेर निघतात. झालेल्या खर्चाच्या तपासणीला जो धाक आहे, तोच होऊ घातलेल्या कायद्याच्या तपासणीला का नसावा?

तोवर जाहिरात आली की लिहिणं आपल्या हातात आहे. ‘या काळ्या कायद्याला आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलेली पत्रं एका गठ्ठ्यात जातात. कलमाचा क्रमांक, त्यातला नेमका शब्द, त्याने कुणाचं काय नुकसान होईल याचं एक खरं उदाहरण आणि त्या जागी कोणता शब्द हवा, असं लिहिलेलं निवेदन सदस्याला बैठकीत हातात धरून वाचता येतं. साक्ष द्यायची इच्छा असेल तर तेही निवेदनात स्पष्ट लिहायचं असतं. जाहिरातीतली मुदत बहुधा पंधरा दिवसांच्या आसपासची असते, म्हणून विधेयक मांडलं गेलं त्याच दिवशी त्याची प्रत मिळवून वाचायला बसलेलं बरं.