दाराशी चपला किती?

ए, मधल्या सुट्टीत तुझ्या शाळेत काय होतं रे? घंटा वाजते आणि सगळी फौज एकाच जिन्यावर! ढकलाढकली, आरडाओरडा, कुणाचा तरी डबा सांडतोच. आणि मागचा जिना? रिकामा! का? तर पुढचा जवळ पडतो ना!

आता गंमत ऐक. संगणकांच्या जगातही अगदी हेच होतं!

युरोपात जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली साधारण 100 मीटरवर एक गोल बोगदा आहे. एक फेरी मारलीस तर 27 किलोमीटर! त्यात प्रोटॉन नावाचे इवलेसे कण एकमेकांवर आपटतात. सेकंदाला किती टकरी होत असतील? ओळख बघू! शंभर? हजार? छे! तब्बल 100 कोटींपर्यंत!

त्यातल्या निवडक टकरींचीच नोंद ठेवतात. तरी माहितीचा ढीग एका घरात मावत नाही! मग तो 40हून जास्त देशांतल्या संगणकांकडे वाटून देतात. त्यातलं एक घर कुठे आहे, सांगू? मुंबईत, कुलाब्याला! टाटा मूलभूत संशोधन संस्थेत!

ही माहिती केसासारख्या बारीक काचेच्या तारांतून धावते. वाटेत चौकाचौकात रूटर नावाची यंत्रं असतात, जणू पोलीसमामाच! पण हे मामा भारी हट्टी. ठरलेला रस्ता तुंबला तरी तोच दाखवतात. शेजारचा मोकळा असला तरी!

मग सर्नमधल्या मंडळींनी ‘नोटेड’ नावाची युक्ती काढली. ती काय करते माहितीये? चपला मोजते!

म्हणजे असं बघ. पाहुणे आले की आई दाराशी किती चपला आहेत ते बघते आणि चहाचं आधण वाढवते. कोण आलंय ते नंतर, आधी पाणी! नोटेडही तसंच करते. कुठे जायला किती फाइली रांगेत थांबल्यात, ते आधीच बघते. मोठी झुंबड येणार असं दिसलं, की मागचा जिना उघडते! काही फाइली इकडून, काही तिकडून. गर्दी ओसरली की तो जिना पुन्हा बंद, कारण तो इतरांनाही लागतो.

मला विचारशील तर जिना उघडण्यात काय मोठंसं? चपला मोजायचं सुचलं, ते भारी!

2022 साली जर्मनी आणि कॅनडातल्या संगणकांकडे फाइली पाठवून ही युक्ती करून दाखवली. आणि फाइलींना? आपण मागच्या जिन्याने आलो, याचा पत्ताच नाही!